बोलका पोपट नको!

पोपट पाळावा की पाळू नये, हा प्रश्न मला कोणी विचारीत नाही. विचारतात ते एवढेच, की कोणता पाळावा. पक्ष्यांची पुस्तके चाळण्याची आणि पहाटे दुर्बीण गळ्यात अडकवून हिंडण्याची खोड मला आहे, हे आमच्या वसाहतीत सर्वांना ठाऊक आहे. त्यामुळे दसरा उलटला की सल्ल्याची गिऱ्हाइके माझ्या दारी येऊ लागतात. कोणाला परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलीला बक्षीस द्यायचे असते, कोणाच्या सेवानिवृत्त सासऱ्यांना विरंगुळा हवा असतो, तर कोणाला नव्या फ्लॅटच्या गॅलरीत काहीतरी ‘जिवंत’ टांगायचे असते. आणि प्रत्येकाचा पुढचा प्रश्न ठरलेला : “पण तो बोलेल ना?”

या दुसऱ्या प्रश्नावर माझा राग आहे, आणि तो आज दिवाळीच्या मुहूर्तावर मी मोकळा करणार आहे. फराळाच्या ताटात कडू कशाला, असे कोणी म्हणेल. पण नरकचतुर्दशीच्या पहाटे अंगठ्याने कारीट फोडून त्याचा कडू थेंब जिभेला लावण्याची आपली रीतच आहे. हा लेख त्याच खात्यात जमा करावा.

माझे म्हणणे थोडक्यात असे. जो पोपट उत्तम बोलतो तो आपल्या घरात आणण्यास सर्वांत अयोग्य. आणि ज्याला आपल्यावाचून फारसे अडत नाही, तोच काय तो आणण्याजोगा. बाजार मात्र याच्या नेमका उलट चालतो. तिथे बोलक्याला भाव आणि अबोलाला उपेक्षा.

पोपट बोलतो कशासाठी, याचा आपण कधी विचार करतो का? रानातला पोपट थव्यात वाढतो, थव्याबरोबर चरायला जातो, दिवेलागणीला थव्याबरोबरच झाडावर उतरतो. सोबत्यांचे आवाज ऐकायचे आणि ते आपल्या गळ्यात बसवायचे, हा त्याचा उपजत गुण. ‘मी तुमच्यातलाच’ हे सांगण्याची ती खूण आहे. पिंजऱ्यात एकटा पडलेल्या पोपटाला थवा राहत नाही; राहते ते घर. मग तो त्या घराचे आवाज शिकतो. कुकरची शिट्टी, दारावरची घंटा, आजोबांचा खोकला आणि आपण पढवलेले ‘मिठू मिठू’. आपण टाळ्या पिटतो. तो बिचारा आपल्यात सामील करून घेण्याची विनवणी करीत असतो.

विकणाऱ्यांना हे पक्के ठाऊक असते. “बोलायला हवा असेल तर एकच न्या साहेब, जोडी नेली की ते आपसांतच बोलत बसतात.” हा सल्ला मी एका नव्हे, तीन दुकानांत ऐकला आहे. सल्ला खोटा असता तर बरे झाले असते. तो बव्हंशी खरा आहे हीच त्यातली वाईट गोष्ट. ज्याला बोलायला आपल्या जातीचे कोणी आहे, तो माणसाच्या तोंडाकडे कशाला बघत बसेल? म्हणजे ज्या गुणासाठी आपण जादा पैसे मोजतो, तो त्या पाखराला एकटे पाडून त्याच्याकडून काढून घेतलेला असतो.

आता एकेका जातीचा हिशेब करू.

पहिला मान अर्थात आपल्या हिरव्या राघूचा. बाणभट्टाच्या ‘कादंबरी’तली कथा वैशंपायन नावाचा शुक सांगतो, ‘शुकसप्तती’तला पोपट सत्तर रात्री गोष्टी सांगून घर सावरतो, आणि मदनाला तर स्वारीसाठी वाहन मिळाले तेही पोपटाचेच. इतके प्रेम आपण दुसऱ्या कोणत्या पक्ष्यावर केले असेल? पण या प्रेमाने त्याच्या वाट्याला आला तो पिंजरा. गुलाबी कंठाचा नेहमीचा पोपट, खांद्यावर तांबडा पट्टा असलेला मोठा करण पोपट, नराचे डोके जांभळट-गुलाबी असलेला तुईया, सह्याद्रीच्या जंगलातला निळ्या पंखांचा मलबारी पोपट : या सर्वांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे छत्र आहे, आणि १९९०-९१ पासून भारतीय पक्ष्यांचा व्यापार आपल्या देशात पूर्णपणे बंद आहे. त्यांना धरणे, विकणे, विकत घेणे आणि पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा आहे. चौकात बसून पोपटाकडून भविष्याची पाकिटे काढवून घेणाऱ्यालाही तो लागू आहे, आणि देवघराशेजारी पिंजरा टांगून ‘राम राम’ म्हणवून घेणाऱ्या सात्त्विक गृहस्थालाही.

कायदा बाजूला ठेवा. हा पोपट बाजारात येतो कसा, ते पाहा. तो पिंजऱ्यात जन्मलेला नसतो. थंडी सरता सरता पोपटांची जोडपी जुन्या झाडांच्या ढोल्या धरतात. मादी चारेक अंडी घालते, सुमारे तीन आठवडे उबवते, आणि पिल्ले उडती व्हायला आणखी सहा-सात आठवडे लागतात. त्या अवधीत ढोलीत हात घालून पिसे न फुटलेली पिल्ले काढली जातात. फांदी तोडून वा ढोली रुंद करून हात आत जात असेल, तर तेही करतात. ती ढोली पुढच्या वर्षी कोणाच्या कामाची राहत नाही. पिल्ले टोपलीत, खोक्यात, पिशवीत कोंबून शहराकडे निघतात. वाटेत किती मेली हे विचारायला कोणी जात नाही, कारण जगलेल्यांच्या किमतीत मेलेल्यांची वसुली झालेली असते. करण पोपट अंगाने मोठा आणि बोलण्यात अधिक तरबेज, म्हणून त्याच्या पिल्लांना मागणी फार. आणि त्याची गणना आज संकटाच्या उंबरठ्यावरच्या जातींत होऊ लागली आहे, यात आश्चर्य ते काय?

यावर आमच्या एका स्नेह्यांचा युक्तिवाद असा : “अहो, ते पिल्लू धरलेलेच होते. उन्हात तडफडत होते. मी दया येऊन विकत घेतले. यात माझे काय चुकले?” हा युक्तिवाद मला सर्वांत घातक वाटतो, कारण तो करणारा माणूस सज्जन असतो. निष्ठुर माणसाला दोन शब्द सुनावता येतात, दयाळू माणसापुढे जीभ अडखळते. तरी सांगतोच. विकणाऱ्याच्या गल्ल्यात दयेची नोट आणि हौसेची नोट वेगवेगळ्या कप्प्यांत पडत नाहीत. तुम्ही एक पिल्लू सोडवलेत आणि पुढच्या वसंतातल्या एका ढोलीची आगाऊ रक्कम भरलीत. दया आली असेल तर वनखात्याला कळवा. आणि हेही ध्यानात धरा, की झाडावर चढणारा गरीब असतो, धाड पडली तर सापडतो तोही बहुधा तोच. पण ज्याच्या मागणीमुळे तो चढला ते आपण, आणि आपण मात्र आपल्या दिवाणखान्यात ‘पक्षिप्रेमी’ म्हणून मिरवतो.

दुसरा नंबर आफ्रिकन ग्रेचा. राखाडी अंग, तांबडी शेपूट, आणि बोलण्यात साऱ्या पोपटांचा राजा. आयरीन पेपरबर्ग या अमेरिकन संशोधक बाईंनी १९७७ साली एका दुकानातून ॲलेक्स नावाचा असा पोपट आणला. तीस वर्षांच्या शिकवणीत तो पन्नासेक वस्तू, सात रंग आणि पाच आकार ओळखू लागला, सहापर्यंत मोजू लागला. २००७ साली तो वारला तेव्हा जगभरच्या वर्तमानपत्रांनी त्याची बातमी दिली. ही कथा सांगून दुकानदार ग्रे विकतात. मी तीच कथा सांगून तो घेऊ नका म्हणतो. ज्या जिवाची समज लहान मुलाच्या जवळपास पोचते, त्याला आपण सकाळी आठला कुलूप लावून रात्री आठला उघडणाऱ्या घरात ठेवणार? ॲलेक्सच्या दिमतीला दिवसभर माणसे होती. तुमच्या ग्रेच्या दिमतीला कोण असणार?

आमच्याच ओळखीच्या एका नोकरदार जोडप्याकडे असा ग्रे होता. एके दिवशी त्या वहिनी काळजीच्या सुरात विचारू लागल्या, “भाऊजी, याच्या छातीची पिसे गळताहेत, त्वचेचा काही रोग असेल का? एखादे मलम सांगा ना.” मी जाऊन पाहिले. मान आणि डोके पिसांनी भरलेले, आणि छाती सोललेल्या कोंबडीसारखी उघडी. जिथे चोच पोचत नाही तेवढीच पिसे शाबूत होती! तो स्वतःच स्वतःला उपटीत होता. पक्ष्यांच्या डॉक्टरांनी तपासले. अंगात रोग निघाला नाही. एकटेपणावर मलम कुठल्या दुकानात मिळते?

शिवाय तो येतो कुठून? घाना देशात १९९० च्या दशकाच्या आरंभापासून रानातल्या ग्रे पोपटांची संख्या ९० टक्क्यांहून अधिक घटली, असे तिथे पाहणी करणाऱ्यांना आढळले. २०१६ साली जोहान्सबर्गला भरलेल्या ‘साइटिस’ कराराच्या परिषदेने रानातून धरलेल्या ग्रेचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद ठरवला, तो यामुळेच. आपल्याकडेही कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीने आणि २०२४ च्या नियमांनी, या कराराच्या याद्यांतला परदेशी पशुपक्षी बाळगणाऱ्याला सरकारदरबारी नोंदणी करावी लागते. त्याचा जन्म, मृत्यू, हस्तांतर, सारे कळवावे लागते. “कागदपत्रांचे बघून घेऊ साहेब,” असे जो म्हणतो त्याच्या दुकानाची पायरी चढू नये.

तिसरे महाशय म्हणजे काकाकुवा आणि मकाऊ. दोघेही देखणे. मकाऊची चोच कठीण कवचाची फळे फोडते. तुमच्या शिसवी खुर्चीचा हात तिला सुपारीसारखा. काकाकुव्याचा आवाज असा, की इमारतीतल्या सगळ्या मजल्यांवर पहाट त्याच्यामुळेच होईल. पण खरी अडचण निराळीच आहे. नीट सांभाळले तर हे पक्षी चाळीस, पन्नास, साठ वर्षे जगतात. पन्नाशीतल्या गृहस्थाने सेवानिवृत्तीचा विरंगुळा म्हणून काकाकुवा आणणे म्हणजे मुलाच्या नावावर एक कर्ज करून ठेवणे होय. मुलगा परदेशी, सून म्हणते हा नको, आणि ज्याने एका माणसावर सारे आयुष्य लावले तो पक्षी हातोहाती फिरू लागतो. घराचा वारस ठरवताना आपण वकील गाठतो. पिंजऱ्यातल्या जिवाचा वारस कोण, हे किती जणांनी ठरवले आहे?

अलीकडे सन कोन्युअरची टूम निघाली आहे. पिवळाजर्द, केशरी, जणू चोच फुटलेला झेंडू. रानात तो दुर्मीळ झाला आहे, आणि त्याची किंकाळी त्याच्या आकाराला मुळीच शोभत नाही. भिंतीला भिंत लागून असलेल्या घरात तो आणणे म्हणजे शेजाऱ्यांशी भांडण विकत घेणे. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले, आखूड शेपटीचे. नावात प्रेम असले तरी ते आपल्या जोडीदारापुरतेच. शेजारच्या पाखराचा पाय चावून काढायला ते कमी करीत नाहीत.

मग उरले कोण? दोघे. बजरीगर आणि कॉकाटील. ज्याला आपल्या बाजारात सर्रास ‘लव्हबर्ड’ म्हणून विकतात, तो बहुधा हा बजरीगरच असतो. दोघेही मूळचे ऑस्ट्रेलियाचे. जॉन गुल्ड या पक्षिशास्त्रज्ञाने १८४० साली जिवंत बजरीगर इंग्लंडात नेले, तेव्हापासून त्यांची पैदास पिंजऱ्यात होत आली आहे. ऑस्ट्रेलियाने आपल्या देशी पक्ष्यांची व्यापारी निर्यात कित्येक दशकांपूर्वीच बंद केली. म्हणून आपल्याकडे येणाऱ्या बजरीगरासाठी कोणाची ढोली लुटलेली नसते. पोपटांच्या जवळजवळ साऱ्या जाती ‘साइटिस’च्या याद्यांत आहेत, ज्या मोजक्या सुटल्या त्यांत हे दोघे आहेत. बजरीगर पाच ते दहा वर्षे जगतो, कॉकाटील पंधरा-वीस. घरातल्या मुलाबरोबर वाढतील आणि मुलाच्या संसारावर ओझे होऊन पडणार नाहीत, असा हा बेताचा हिशेब आहे.

पण माझी शिफारस एका अटीवर. एकटा आणू नका. जोडी आणा, दोन माद्या किंवा दोन नर आणलेत तरी चालेल. ते तुमच्याशी फारसे बोलणार नाहीत. दिवसभर एकमेकांशी किलबिलतील, एकमेकांची मान खाजवतील, तुमच्या कौतुकाची वाट पाहत बसणार नाहीत. नेमके हेच पाहण्यासारखे आहे. पिंजरा उंच मिनारासारखा नको, आडवा लांब हवा, कारण पाखरू आडवे उडते. नुसत्या राळ्यांवर ठेवू नका. कोथिंबीर, गाजर, पालेभाजी द्या. चॉकलेट आणि ॲव्होकॅडो विषासमान. न चिकटणारा तवा रिकामा तापून धुरावला तर पाखरू मिनिटांत मरू शकते, म्हणून पिंजरा स्वयंपाकघरात नको. घरात कोणाला दमा असेल तर कॉकाटील टाळा. त्याच्या पिसांचा भुकटीसारखा कोंडा सतत उडत असतो. आणि दिवाळीच्या चार दिवसांत तर पाखरू आणूच नका. पहिल्याच रात्री फटाक्यांच्या आवाजाने अंधारात पिंजऱ्याच्या गजांवर आदळून घेणारा नवा जीव, ही कसली लक्ष्मीपूजनाची भेट? तुळशीचे लग्न होऊ द्या, मग बघू. तोवर चौकशी करा. कंटाळलेल्या घरांतून टाकून दिलेले, कोणाच्या गॅलरीत कावळ्यांपासून जीव वाचवीत येऊन बसलेले बजरीगर कितीतरी असतात. मूळ मालक सापडला नाही, तर दुकानापेक्षा असे एखादे पाखरू दत्तक घेणे शतपटीने चांगले. त्याला सोबती मात्र द्या.

आता जुन्या मंडळींचा आक्षेप. “आमच्या वाड्यात पन्नास वर्षे पोपट होता. काय बिघडले?” बिघडले ते पोपटाचे, तो सांगू शकला नाही. तरी एक मान्य करतो : त्या वाड्यात वीस माणसे होती. ओसरीवर कोणी ना कोणी निवडत, टिपत, गप्पा मारीत बसलेले असे, आणि पिंजरा त्यांच्या डोक्यावर. कैद खरी, पण एकांतवास नव्हता. वाडा गेला, माणसे पांगली, ओसरी गेली. पिंजरा तेवढा आपण जपून ठेवायचा म्हणतो!

“मग आहे तो सोडून देऊ?” असेही विचारतात. नको. छाटल्या पंखांचा, माणसाच्या हातून पेरू खाण्याची सवय लागलेला पोपट गच्चीवरून उडवणे म्हणजे घारीला आणि मांजराला नैवेद्य दाखवणे. परदेशी पाखराची तर इथे थारा लागण्याची आशाच नको. घरात देशी पोपट असेल तर वनखात्याकडे नेऊन द्यावा; परदेशी असेल तर मरेपर्यंत नीट सांभाळावा, आणि त्याला सोबत द्यावी.

राघूच हवा असेल, तर त्यालाही उपाय आहे, आणि तो फुकट आहे. या सुटीत मुलांना घेऊन एखाद्या संध्याकाळी जुन्या झाडांच्या रस्त्याला जा. सूर्य कलला की थवेच्या थवे कर्कश ओरडत येतील आणि वड-पिंपळाच्या शेंड्यांवर जागेसाठी भांडतील. नराला तिसऱ्या वर्षाच्या सुमारास कंठ फुटतो, मादीला फुटत नाही. कोणाच्या गळ्यात कंठ आहे ते मुलांना मोजू द्या. वाळलेल्या खोडातली ढोली दाखवा, आणि सोसायटीच्या पुढच्या सभेत ‘धोकादायक’ म्हणून तेच झाड तोडायचा ठराव आला, तर तो पाडा. धोका एखाद्या फांदीचा असेल तर फांदी छाटा, खोड राहू द्या. शेतकरी मित्र म्हणतील, तुमचे हे लाडके आमच्या ज्वारीची कणसे आणि डाळिंबे फस्त करतात. खरे आहे. रानातला पोपट काही साधू नाही. पण ज्वारीवर बसलेल्या पोपटाला हाकलताना शेतकरी त्याला पोपट म्हणूनच ओळखतो. पिंजऱ्यापुढे उभे राहून ‘बोल ना रे’ म्हणणारे आपण त्याला एवढेही ओळखीत नाही.

तेव्हा यंदा कोणी सल्ला विचारायला आलेच, तर माझे उत्तर तयार आहे. दुकानात जाल तेव्हा ‘बोलतो का?’ हे विचारू नका. जन्मला कुठे, जगणार किती वर्षे, याच्या जातीचे दुसरे आहे का, आणि आम्ही दिवसभर घरी नसलो तर हा काय करील, हे चार प्रश्न विचारा. चारांपैकी एकाचेही उत्तर नीट मिळाले नाही, तर रिकाम्या हाताने घरी या. मुलगी रुसेल. तिला चिवडा द्या, आणि संध्याकाळी त्या वडाखाली घेऊन जा.